रातकिड्यांचा यमन

नादपूर नावाची एक नगरी होती. तिथे एक राजा होता आणि त्या राजाचं स्वतःचं विद्यापीठ होतं. विद्यापीठात संगणक होते. राजाच्या काळात संगणक कुठले, असं विचारू नका. राजवाड्यात वायफायसुद्धा होतं, फक्त तळघरात नीट लागत नसे.

राजा गाण्याचा मोठा शौकीन, पण राग म्हणाल तर एक ओळखता येत नसे. भलत्याच जागी तो "वाहवा!" म्हणे. एकदा तर गवई मध्येच खोकला आणि राजाने डोळे मिटून मान डोलावली. गवयाला बिचाऱ्याला पुढे प्रत्येक मैफलीत तिथेच खोकावं लागलं.

शेवटी राजाने विद्यापीठाला हुकूम सोडला. "राग ओळखणारं यंत्र तयार करा. यापुढे माझ्या दरबारात गाणाऱ्या प्रत्येकाची परीक्षा तेच घेईल. गवई म्हणतो एक राग आणि यंत्र म्हणतं दुसरा, असं झालं की त्या गवयाला दरबार बंद!"

हे काम संगणक-संगीत विभागाकडे आलं. विभागाचे प्रमुख होते गजेंद्रगडकर सर. भाषणं ते करत. काम करायची त्यांच्या हाताखालची संशोधक, यामिनी टिपणीस. पोरगी हुशार, पण नोकरी कच्ची. दर उन्हाळ्यात तिची नेमणूक संपे आणि पावसाळ्यात, कोणाला आठवण झालीच, तर पुन्हा होई.

सर म्हणाले, "यंत्र महाराजांसमोर पास झालं की तू कायम. स्वतःची खोली, दारावर स्वतःचं नाव."

यामिनीने त्याच आठवड्यात पितळी पाटी करून घेतली आणि कपाटात साड्यांखाली ठेवून दिली.

आता यंत्राला राग शिकवायचा कसा? ते काही गुरूच्या पायाशी बसत नाही. त्याला गाण्याची ढीगभर रेकॉर्डिंग ऐकवायची आणि दर वेळी सांगायचं, हा भैरव, हा तोडी, हा यमन. त्यातल्या खुणा ते आपल्या आपण हुडकतं. कुठल्या खुणा हुडकल्या, ते मात्र कोणाला सांगत नाही.

रेकॉर्डिंगसाठी यामिनी गेली कुमुदबाई हळब्यांकडे. नगरीतली सगळ्यांत थोर गायिका आणि सगळ्यांत हट्टीसुद्धा. विद्यापीठातली आवाज बंद करणारी खोली त्यांनी एकदाच पाहिली.

"ही कापसाने मढवलेली खोली? इथे गायचं म्हणजे उशीत तोंड खुपसून गाणं. मी माझ्या व्हरांड्यात गाईन."

"चालेल, बाई."

"आणि वेळेलाच गाईन. भैरव पहाटे, यमन दिवेलागणीला."

"एखादा भैरव दुपारी चालला असता, म्हणजे मला जरा..."

"दुपारी भैरव? त्यापेक्षा दुपारी अंथरूण घालून गुड नाइट म्हणते की!"

असं करत वर्षभर बाई व्हरांड्यात गायल्या आणि यामिनीने रेकॉर्ड केलं. त्यातले काही तुकडे परीक्षेसाठी बाजूला ठेवले, बाकीचे यंत्राला शिकवले. परीक्षा घेतली, तर यंत्राने एकही राग चुकवला नाही! सरांनी लगेच राजाला निरोप धाडला. दिवस ठरला. राजवाड्याच्या बागेत, दिवेलागणीला.

त्याच दिवशी सकाळी यामिनी विभागात आली. तिने यंत्र चालू केलं, माइक जोडला आणि चहा आणायला गेली. परत येते तो यंत्र ठणकावून सांगतंय, "भैरव!"

खोलीत कोणी गात नव्हतं. खोलीत कोणी नव्हतंच. खिडकीत एक कावळा तेवढा बसला होता.

"काव," कावळा म्हणाला.

"भैरव!" यंत्र म्हणालं.

यामिनीने कावळ्याला हुसकलं. यंत्र गप्प. कावळा परत आला. "भैरव!"

तिच्या हातातला चहा थंड झाला. तिने दार लावलं आणि तोंडाने कुकरची शिट्टी काढली. यंत्र म्हणालं, "तोडी!" मग तिने खिडकीशी उभं राहून आरोळी ठोकली, "भंगाऽऽर!" यंत्र म्हणालं, "सारंग!" आणि खालच्या मजल्यावरचे इतिहासाचे प्राध्यापक जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बाहेर आले.

झालं होतं ते एवढंच. पहाटे बाईंच्या व्हरांड्यापुढे कावळे असत. तोडीच्या वेळी शेजारच्यांचा कुकर लागे. भर दुपारी सारंगाला भंगारवाला येई आणि दिवेलागणीला रातकिडे सुरू होत. बाई वेळेच्या इतक्या पक्क्या, की प्रत्येक रागाच्या मागे तोच तो आवाज. परीक्षेसाठी ठेवलेले तुकडेही त्याच व्हरांड्यातले. यंत्राला बाईंचा एक सूरही कळला नव्हता. त्याला शेजार कळला होता.

यामिनी धावत सरांकडे गेली. "सर, आपल्या यंत्राला राग कळत नाही. कावळे कळतात!"

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून दार लावलं.

"आज बाई काय गाणार?"

"यमन."

"राजवाड्याच्या बागेत रातकिडे आहेत?"

"भरपूर."

"मग अडलंय कुठे? अगं, या नगरीत वेळ सोडून गातं कोण? हे यंत्र जन्मात चुकायचं नाही!"

"आणि पहाटे उठून एखादीने यमन घोटला तर? यंत्र तिला सांगणार, तू भैरव गातेस. तिला दरबार बंद. तिने काय करायचं?"

"संध्याकाळी घोटायचा."

"सर!"

"टिपणीस," सर हळूच म्हणाले, "पाटी करून ठेवली आहेस ना?"

यामिनी तडक बाहेर पडली. घरी गेली. साड्या उचलून पाटी काढली, पदराने पुसली. छान चकाकत होती. तिने ती पुन्हा साड्यांखाली ठेवली आणि विभागातून यंत्र उचलून राजवाड्यावर गेली.

बाग माणसांनी फुलली होती. राजा झोपाळ्यावर बसला होता, शेजारी प्रधानजी, मागे मिशा पिळत सेनापती. कुमुदबाईंनी तंबोरा लावला आणि यमन असा गायला, की बागेतल्या कळ्यांनी सकाळची वाट न पाहता तिथेच फुलून घेतलं. माळ्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यावी लागली, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

बाई थांबल्या. सगळ्यांच्या माना यंत्राकडे वळल्या.

"यमन!" यंत्र म्हणालं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. राजा झोपाळ्यावरून उडी मारून खाली आला. "वाहवा!" या वेळी त्याची जागा बरोबर होती. प्रधानजींनी शाल पुढे केली. सरांनी ती घ्यायला खांदे पुढे केले.

"महाराज," यामिनी म्हणाली. "अजून एक परीक्षा राहिली आहे. आता कोणी गाऊ नये. कोणी बोलूही नये."

सरांनी डोळे वटारले. पण राजाने हात वर केला आणि बाग चिडीचूप झाली. बाईंच्या तंबोऱ्याच्या ताराही त्यांच्या बोटांखाली गप्प झाल्या. कुंपणापाशी रातकिडे किर्र करत होते, तेवढंच.

"यमन!" यंत्र म्हणालं.

राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "कोण गायलं?"

"रातकिडे, महाराज," यामिनी म्हणाली. "याला गाणं कळत नाही. मी याला शिकवलं ते चुकलं. हे पहाटे कावळे ऐकून भैरव म्हणतं आणि संध्याकाळी रातकिडे ऐकून यमन. याच्या शब्दावर कोणा गवयाला दरबार बंद करू नका. बंद करायचाच, तर मला करा."

सर हळूहळू झेंडूच्या कुंड्यांमागे सरकले. राजाच्या कपाळाला आठी पडली.

"कावळे?" राजा म्हणाला. "सेनापती, कावळा काढा."

सेनापतींनी उभ्या आयुष्यात नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी मिशा सावरल्या, छाती फुगवली. "काव! काव!"

"भैरव!" यंत्र म्हणालं.

आधी एक दासी हसली. मग प्रधानजी म्हणाले, "महाराज, परवानगी असेल तर मला कुकर येतो," आणि त्यांनी अशी शिट्टी काढली, की मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याने सवयीने गॅस बंद केला. "तोडी!" यंत्र ओरडलं. मग कोणी कोणाला आवरेना. इकडून भैरव, तिकडून तोडी, मधूनच भंगार. राजा हसता हसता वाकला, त्याचा मुकुट घरंगळत कुंड्यांमागे गेला, आणि तो आणून देण्याच्या निमित्ताने गजेंद्रगडकर सरांना बाहेर यावं लागलं.

राजाने डोळे पुसले. "पोरी, तू गप्प राहिली असतीस तर?"

"तर मी आज कायम झाले असते, महाराज. आणि कधीतरी एखादा खरा गवई खोटा ठरला असता."

तेवढ्यात कुमुदबाई उठल्या. आता या भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. यामिनीने तर मानच खाली घातली.

"वर्षभर मी गळा फोडला," बाई म्हणाल्या, "आणि या ठोंब्याने शेजारच्यांचा कुकर ऐकला? पोरी, आता याला खरं शिकवायचं तर काय लागेल?"

यामिनी चाचरली. "बाई, तेच राग... वेगवेगळ्या ठिकाणी. आणि... वेळ सोडून."

बाईंनी वेळ कधी मोडली नव्हती. स्वतःच्या लग्नातसुद्धा, मुहूर्त दुपारचा आणि सासरच्यांना भैरव हवा होता, म्हणून त्या मुक्या बसल्या होत्या.

बाईंनी यामिनीकडे नीट पाहिलं. मग खाली बसून तंबोरा मांडीवर घेतला.

"तू तुझी नोकरी सोडायला निघालीस. मग मी माझी वेळ सोडली तर काय बिघडलं? लाव तुझा तो माइक."

आणि भर दिवेलागणीला कुमुदबाई हळब्यांनी भैरव लावला.

भैरव इतका खरा लागला, की नगरीतल्या कोंबड्यांना पहाट झाली असं वाटलं. एक आरवला, मग दुसरा, मग सगळ्या आळ्या आरवू लागल्या. दूधवाले किटल्या घेऊन बाहेर पडले. झोपलेले कावळे उठून बागेवर घिरट्या घालू लागले.

"भैरव!" यंत्र म्हणालं.

"बरोबर आलं!" राजाने टाळी वाजवली.

"नाही हो, महाराज!" यामिनीने कपाळाला हात लावला. "पुन्हा कावळेच!"

मग सगळी मंडळी दिवाणखान्यात गेली. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, सेनापतींना तोंड बंद ठेवायला सांगितलं. बाईंनी पुन्हा भैरव लावला. यंत्र ऐकत राहिलं. कावळा नाही, कुकर नाही, रातकिडा नाही. बराच वेळ त्याचा दिवा नुसता लुकलुकला.

"ओळखता येत नाही," यंत्र म्हणालं.

यामिनीने आनंदाने उडी मारली. "आता हे शिकेल!"

राजा समाधानाने हसला. "मलाही येत नाही. मीही याच्या शेजारी बसून शिकतो. गवयांची परीक्षा रद्द. आणि सर, या मुलीला खोली कुठली देताय?"

"आजच... म्हणजे आत्ताच बघतो, महाराज," सर म्हणाले. त्यांच्या हातात अजून मुकुट होता.

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात एका दारावर पितळी पाटी लागली. आत रोज सकाळी बाई यमन गात, संध्याकाळी तोडी गात, आणि मध्ये मध्ये यंत्राला शिव्या घालत. त्याच्या जुन्या शिकवणीची नक्कल भरलेलं दुसरं यंत्र राजाने राजवाड्यात घड्याळ म्हणून टांगून घेतलं. ते सहसा चुकत नाही. फक्त प्रधानजींना शिट्टी काढायची हुक्की आली, की दरबाराच्या जेवणाची वेळ पुढेमागे होते.

तर खिडक्या लावून, शांतपणे ऐका, तात्पर्य: उत्तर बरोबर आलं एवढ्यावर टाळ्या घेऊ नयेत, ते कशामुळे बरोबर आलं हे आपणच तपासावं, आणि आपली चूक सापडली तर शाल खांद्यावर पडायच्या आधीच सांगून टाकावी.