आबांचं पाचवं घरटं

झाडं पाखरांना नावानिशी हाक मारत, त्या काळी विहिरीवरच्या बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. पिल्लांना पंख फुटले की वस्तीतले म्हातारे सुगरण धोंडूआबा त्यांना दिवसभर कामं दाखवत फिरवायचे. संध्याकाळी प्रत्येकानं आपण कोण होणार ते सांगायचं. ज्याला सांगता येत नसे, त्याला फांदी मिळत नसे.

त्या पिल्लांतला पिंजू सकाळपासून गोंधळला होता. पाती चिरणारा म्हणाला, "खरं काम आमचं!" गाठी मारणारा म्हणाला, "गाठ सुटली की सगळं विहिरीत!" पिंजूला दोघांचंही पटत होतं. त्यात शेंड्याला पाच अर्धवट घरटी लोंबत होती.

"ही कुणाची, आबा?"

"माझीच. माद्यांनी ओढून बघितली, नाही आवडली."

पिंजूच्या डोक्याचा पार भुगा झाला. पाचदा चुकलेला म्हातारा शिकवणार तरी काय?

तेवढ्यात वारा सुटला. पाचही घरटी गरगरली, शेजारचं आबांचं नवं, सहावं घरटं मात्र जागच्या जागी डुललं.

"हे का नाही गरगरत?"

"आत बघ की."

आत ओल्या चिखलाचे गोळे लिंपलेले होते.

"पाचवं फार हलत होतं," आबा म्हणाले. "म्हणून ह्यात वजन घातलं."

संध्याकाळी पिल्लं रांगेत बसली. पिंजूची पाळी आली. आबांनी तीनदा विचारलं, तरी तो गप्पच.

"अरे, बोल की!"

बोलणार कसा? त्याची चोच चिखलानं भरली होती आणि नजर पाचव्या घरट्यावर होती.

आबा बाजूला सरकले आणि त्यांनी फांदीवर जागा करून दिली.