सोन्याच्या झाडाची पाठराखीण

एका राज्यात रत्नध्वज नावाचा राजा होता. त्याचा खजिना तुडुंब, पण हाव त्याहून तुडुंब! कालदंष्ट्र जादूगाराच्या वनात सोन्याच्या पानांचं झाड आहे, असं त्याच्या कानावर आलं. झालं! राजानं हत्ती जुंपले, झाड मुळासकट उपटलं आणि राजवाड्याच्या अंगणात आणून रोवलं.

जादूगार वाऱ्यावर बसून आला. म्हणाला, "राजा, निम्मी मुळं तू माझ्याच वनात तोडून आलास. हे झाड सुकेल, तसा तुझा पुत्र लाकूड होईल. नवं पान फुटलं, तरच शाप सुटेल!" एवढं बोलून तो नाहीसा झाला.

झाडानं मान टाकली आणि राजपुत्र अरिंजयाची पावलं लाकडाची झाली. राजा घाबरला, आणि घाबरलेला माणूस नको तेच करतो. सारं नगर घागरी घेऊन धावलं. कुणी दूध ओतलं, कुणी मध. राजा तर रोज सकाळी माती उकरून बघायचा, मूळ धरलं का! लाकूड अरिंजयाच्या गुडघ्यापर्यंत चढलं.

राजकन्या सुवेलेचा जीव भावासाठी तुटत होता. झाडामागोमाग वनातून एक धनेश पक्षी आला होता. तिनं त्यालाच हात जोडले. "पक्षिराज, उपाय सांगावा."

धनेश म्हणाला, "नवी नवरी सासरी येताना पाठराखीण आणते. हे झाडही परघरी आलेली पोरच, पण ही एकटीच आली. हिच्या आईच्या बुंध्याची माती आण."

सुवेलेनं पदर खोचला, धनेशाच्या पाठीवर बसली आणि उडाली की! वनात झाडाची आई उभी होती. तिच्या बुंध्याला वेटोळं घालून सात फण्यांचा नाग बसला होता.

"काय चोरायला आलीस?"

"चोरायला नाही, मागायला आले. लेकीला माहेरची माती हवी आहे."

नागानं वेटोळं सोडलं. पदरभर माती घेऊन सुवेला परतली आणि तिनं ती झाडाच्या मुळाशी घातली.

"आता भार उतरव," धनेश म्हणाला. "मुळं निम्मी, तर पानंही निम्मी."

सुवेला कोयता घेऊन झाडावर चढली. राजा ओरडला, "अगं, सोनं आहे ते!"

"आबा, सोनं हवं की दादा?"

राजानं मान खाली घातली. सपासप फांद्या उतरल्या, आणि जमिनीवर पडताच सोन्याचा पाचोळा झाला.

"तिसरं काम सर्वांत कठीण," धनेश म्हणाला. "वर सावली धर. माती सुकली तरच पाणी दे. बाकी कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही."

सुवेलेनं आपल्या शालूचा मांडव घातला आणि राखण करत बसली. लाकूड अरिंजयाच्या कमरेला आलं, छातीला आलं. लोक म्हणू लागले, ही पोर भावाला मारणार! तिलाही भीती वाटत होती, हात शिवशिवत होते. ती ते घट्ट काखेत दाबून बसे. एके दिवशी राजा कुदळ घेऊन आला. "एकदाच बघतो, बाळ!"

ती आडवी उभी राहिली. "आबा, रोज खपली काढली तर जखम भरेल का?"

राजाच्या हातून कुदळ गळून पडली. तोही लेकीशेजारी मातीत बसला.

लाकूड अरिंजयाच्या गळ्याशी पोचलं, आणि त्याच सकाळी धनेश मोठ्यानं ओरडला. कापलेल्या फांदीच्या बेचक्यात एक पान फुटलं होतं. सोन्याचं नाही, साधं, कोवळं, हिरवं पान! महालात काडकन आवाज झाला. लाकडाची साल फुटली, आणि आतून हाडामांसाचा अरिंजय उठून बसला.

"पाणी!" तो म्हणाला.

सगळं नगर पुन्हा घागरी घेऊन धावलं! सुवेला दारात हात पसरून उभी राहिली. रडत होती नि हसतही होती.

"थांबा! आधी एकच घोट!"

तेव्हापासून दर वसंतात राजा एक हिरवं पान घेऊन स्वतः वनात जातो आणि विहीणबाईंना लेकीची खुशाली सांगतो. ते झाड जसं परक्या अंगणात रुजलं, तसे तुम्हीही जाल तिथं रुजा.