विनामोबदला दोन वर्षे

विषय : कु. सुनयना वाकळे, बी.एस्सी. तृतीय वर्ष, यांचा मानधनावरील संशोधन साहाय्यक पदासाठीचा अर्ज.

अर्जदार दोन वर्षे विभागासाठी विनामोबदला चाळीस गावांच्या विहिरींचे पाणी तपासून नोंदी ठेवत होती. हे पद न मिळाल्यास तिला कॉलेज सोडून दुकानात उभे राहावे लागणार होते. विभागप्रमुख डॉ. हुपरीकरांनी अर्ज परत सरकवला.

"अनुभव कुठाय? फुकट केलेलं काम आम्ही धरत नाही, वाकळेबाई."

"बरं, सर. मग त्याच नोंदींवरचा तुमचा शोधनिबंध तुमच्या बढतीच्या अर्जातून काढून टाकायचा का?"

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग स्वहस्ते 'अनुभव : दोन वर्षे' असे लिहून सही केली. अर्ज विभागाचा लिपिक म्हणून मीच आवक-जावक वहीत नोंदवून कुलसचिवांकडे पाठवला. सरांचा बढतीचा अर्ज आधीच तिथे होता.

मी निवृत्त झालो त्या दिवशी दोन्ही अर्ज प्रलंबित होते.