भिवरेच्या तळ्यातलं शेवाळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कासवं बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत. निदान कधीमधी तरी.

एका नगरात राजवाड्यामागे एक दगडी तळं होतं. ते राखायचं काम भिवरा नावाच्या बाईकडे होतं. तळ्याच्या काठावरच तिचं दोन खणांचं घर होतं आणि त्या घरावर तिचा भारी जीव. बाई कामाला खमकी, पण जिभेला हाड नाही!

माघ महिन्यात नव्या राजाला राज्याभिषेक झाला. दिवसभर मुकुट घालून त्याची मान अवघडली, म्हणून उन्हं कलल्यावर तो एकटाच तळ्यावर येऊन बसला. पाणी नितळ होतं. तळाच्या दगडांना धरून शेवाळाचे लांबच लांब हिरवे धागे डुलत होते, आणि त्यांच्याआड बोटभर मासे लपंडाव खेळत होते. बघता बघता राजाचा शीण पळाला.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात त्याने विचारलं, "हे तळं बारा महिने असंच ठेवता येईल का?"

प्रधानजी दाढी कुरवाळू लागले. माळी एकमेकांची तोंडं बघू लागले. भिवरा मात्र पदर खोचून पुढे झाली. "न ठेवायला काय झालं, महाराज? माझ्या हातचं तळं आहे. शेवाळाचा एक धागा इकडचा तिकडं होऊ देणार नाही!"

"आणि झाला तर?"

"तर काठावरचं घर सोडून चालती होईन!"

झालं! बाई बोलून बसली.

चैत्राचं ऊन तापलं, तसे शेवाळात बारीक बारीक बुडबुडे धरू लागले. त्या बुडबुड्यांनी धागे वर उचलले आणि पाण्यावर हिरवीपिवळी गोधडी पसरली. भिवरा कंबरभर पाण्यात उतरली आणि ती गोधडी खाली दाबू लागली. इकडे दाबावी तर तिकडे वर यायची. शेवटी तिने तळ्यावर झावळ्यांचा गच्च मांडव घातला आणि विहिरीच्या गार पाण्याच्या घागरी आणून ओतू लागली.

पायरीवर एक म्हातारं कासव राहायचं. ते म्हणालं, "भिवरे, शेवाळाला ऊन लागेल म्हणून मांडव? उद्या माशांना सर्दी होईल म्हणून काढा देशील!"

"तू गप रे," भिवरा फणकारली. "गावतळ्याची दशा बघून ये जा. तिथं काय उरलंय?"

ते मात्र खरं होतं. ज्येष्ठात गावतळं आटत चाललं होतं. तिथलं शेवाळ पिवळं पडलं होतं, त्याच्या धाग्यांत मोहरीहून बारीक दाणे धरले होते, आणि पाणी ओसरलं तसं ते चिखलात मिसळून वाळून गेलं होतं. त्या गावची रीत अशी, की तळं आटलं की बाया चुलीसाठी तिथली माती आणायच्या. भिवरेनेही एक पाटी आणली. चूल घातली, आणि उरलेली माती मागच्या दारी काठ फुटलेल्या रांजणात टाकून दिली.

इकडे राजाच्या तळ्यात पाणी काठोकाठ होतं, पण सावलीत शेवाळ फिकं पडलं. मग कुजलं. पाणी काळं झालं, वास सुटला, मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. भिवरा घागर घेऊन धावली. तिने जमेल तेवढे मासे घागरींतून गावतळ्याच्या उरल्यासुरल्या डोहात नेऊन सोडले.

राजा नाकाला शेला लावून आला. फार चिडला, पण मनाचा दुष्ट नव्हता. म्हणाला, "भिवराबाई, माघात अभिषेकाच्या दिवशी मी पुन्हा येईन. तेव्हा तळं पहिल्यासारखं दिसलं नाही, तर तुझा शब्द तूच पाळ."

पावसाळा अर्धा सरला. एका सकाळी भिवरा मागच्या दारी भांडी घासायला बसली होती. सहज रांजणाकडे लक्ष गेलं, तर आत साचलेल्या पाण्यात बाळाच्या जावळासारखं हिरवंगार काहीतरी हलत होतं. ती धावत कासवाकडे गेली. "अरे, ती माती तर उन्हात खडखडीत वाळली होती! मेलेलं जिवंत कसं झालं?"

"मेलं कुठं होतं? दाणे धरून निजलं होतं. तू आपल्या शेवाळाला निजू दिलं नाहीस, म्हणून ते मेलं."

भिवरेला स्वतःचीच लाज वाटली आणि त्याच वेळी हसूही आलं. तिने मांडव उपटला, घाण पाणी मोरीवाटे सोडून दिलं, गाळ उपसला आणि पावसाने तळं भरू दिलं. रांजणातली माती पाण्यासकट त्यात सोडली. मग तडक दरबारात गेली. "महाराज, मी फुशारकी मारली. तळं बारा महिने एकसारखं राहत नाही; चैत्रात शेवाळ वर येऊन पाण्यावर गोधडी पसरतं, मग दाणे धरून निजतं. आता मी त्याच्या वाटेत येत नाही. माघापर्यंत आपणही येऊ नका."

भाद्रपदात पाणी गढूळ होतं आणि शेवाळ कुठे दिसेना. भिवरेच्या हातांना खाज सुटायची, पण ती हात बांधून बसली. दिवाळीनंतर पाणी निवळलं आणि दगडांवर हिरवी लव आली. मार्गशीर्षात त्या लवेचे झुबके झाले. मग भिवरेने गावतळ्यातले मासे परत आणले.

माघ आला. राजा तळ्यावर आला आणि पायरीवरच थबकला. नितळ पाण्यात लांबच लांब हिरवे धागे डुलत होते. मासे लपंडाव खेळत होते.

"अगदी तेच!" राजा आनंदाने म्हणाला. "भिवराबाई, कसं गं ठेवलंस?"

"ठेवलं नाही, महाराज. जाऊ दिलं, म्हणून आलं."

राजा वाकून पाण्यात डोकावला. मग मुकुट काढून पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "घर तुझंच राहू दे. यंदा चैत्रात मी ती गोधडीही बघायला येईन."

"या की!" कासव म्हणालं. "पण मुकुट तेवढा उचला, ती माझी बसायची जागा आहे."

बोध: ऋतूप्रमाणे जे बदलतं, तेच ऋतू फिरल्यावर परत भेटतं.