जुवाखालचा आदिपुरुष

युगांची गणना अजून सुरू झाली नव्हती, मृत्यूने पृथ्वीवर जेमतेम एकदाच पाऊल ठेवले होते, आणि पशूंची वाणी मनुष्याला व मनुष्याची वाणी पशूंना कळत होती, त्या काळातली ही कथा आहे. पूर्व दिशेला एदेन नावाचे वन होते. एकाच उगमातून निघून चार मुखांनी वाहणाऱ्या नदीने त्याची भूमी भिजलेली असे. मोहोर आणि पक्व फळ एकाच फांदीवर शेजारी शेजारी नांदत. हरिणी सिंहाच्या सावलीला निजे. ऋषींना तपोवनात जन्मभराच्या तपाने जी शांती लाभते, ती तेथे गवताच्या पात्यालाही उपजतच लाभलेली होती.

त्या वनाच्या मातीतून सृष्टिकर्त्याने पहिला पुरुष घडवला. सूर्य निर्माण करताना तो नुसता बोलला होता, समुद्रांना सीमा घालतानाही नुसता बोलला होता, मनुष्याच्या वेळी मात्र त्याने आपले हात मातीत घातले, त्या मूर्तीच्या नाकपुड्यांत आपला श्वास फुंकला आणि म्हटले, "हा माझ्या प्रतिरूपाचा आहे. जशी मी सृष्टी राखतो, तसे याने हे वन राखावे." त्या पुरुषाचे नाव आदाम. सर्व पशुपक्षी त्याच्यापुढे आले, त्याने एकेकाला न्याहाळून नाव दिले, आणि ते नाव शिरी धरून प्रत्येक जण आनंदाने परतला. पुढे त्याच्याच कुशीतून त्याची सहचरी हव्वा निर्माण झाली.

वनाच्या मध्यभागी एक वृक्ष होता. त्याचे फळ खाऊ नये, एवढी एकच आज्ञा होती. सर्पाच्या बोलण्याला भुलून हव्वेने ते तोडले, आदामालाही दिले आणि त्यानेही खाल्ले. तेव्हा आपल्या उघडेपणाची लाज वाटून दोघांनी पाने गुंडाळली आणि त्या सायंकाळी सृष्टिकर्त्याची वाणी ऐकून ती झाडांआड दडली. त्याने विचारले, "मी मना केलेले फळ तू खाल्लेस काय?" तेव्हा आदाम उत्तरला, "जी स्त्री तू मला सोबतीला दिलीस, तिने मला ते दिले आणि मी खाल्ले."

हव्वा त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

त्या अपराधासाठी दोघे वनाबाहेर घालवले गेले. निघताना मात्र सृष्टिकर्त्याने त्यांना कातड्याची वस्त्रे करून दिली. देणाऱ्याकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य आदामाला झाले नाही, म्हणून त्याने वस्त्राकडेही नीट पाहिले नाही. हातात आले ते अंगावर ओढले आणि चालू लागला. मागे वनाच्या द्वाराशी अग्निखड्ग गरगरत राहिले.

बाहेरची भूमी कठीण होती. जेथे पाऊल टाकावे तेथे काटेकुसळे, जेथे काठी रोवावी तेथे खडक. रानात कुठेकुठे उगवलेल्या तृणधान्याच्या ओंब्या वेचून दोघे दिवस काढत होती. आदाम एका टोकदार लाकडाने जमीन उकरी आणि संध्याकाळपर्यंत एखाद्या पशूच्या पाठीएवढी जागाही मोकळी होत नसे. हव्वेला दिवस गेले होते. ती त्याच्याशी बोले ते लाकडांविषयी, पाण्याविषयी. त्या सायंकाळच्या उत्तराविषयी तिने कधी अवाक्षर काढले नाही, आणि तिने ते काढावे असे आदामाला इतके वाटे की तिच्यासमोर बसून त्याला घास गिळवत नसे.

एके दिवशी तिने वेचलेले दाणे तळहातावर घेतले, सरळ त्याच्यापुढे धरले आणि म्हणाली, "हे आपल्या दोघांना पुरत नाहीत. तिसरे आले म्हणजे काय करायचे?"

"मी आणखी उकरीन."

"तुम्ही रोजच उकरता. वनात असताना मी हरिणींची पाडसे पाहिली आहेत. आई चरली तरच तिला दूध येते. मी काय चरू? काटे?"

आदामाने नजर झुडपाकडे वळवली. खरे तर त्याने उपाय योजला होता. वाकड्या फांदीचा नांगर आणि दोन मानांचे जू त्याने तासून तयार केले होते आणि ते झुडपात लपवून ठेवले होते. वनात दोन जुळे वृषभ होते, तांबूस रंगाचे, महाबलाढ्य, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून चालणारे. त्यांनी जू ओढले तर ही भूमी लोण्यासारखी फाटली असती. पण त्यासाठी त्यांना हाक मारायला हवी होती, आणि पतन झाल्यापासून आदामाने एकाही पशूला हाक मारली नव्हती. आपण दिलेले नाव आपल्याच तोंडून उच्चारायची त्याला लाज वाटत होती.

"झुडपातले ते लाकूड मी पाहिले आहे," हव्वा म्हणाली. "चला. मीही येते."

"या अवस्थेत तू कशाला?"

"तुम्ही एकटे गेलात, तर तेथे काय बोललात ते मला कळायचे नाही."

वनाबाहेर नदीच्या उतारावर वनातले पशूही पाणी पिण्यास जमत. तेथे नांगर टेकवून आदाम उभा राहिला आणि त्याने आपल्या सर्व सामर्थ्यानिशी पुकारले, "हे वृषभांनो! हे जुळ्या बंधूंनो!" एके काळी त्याच्या हाकेने अरण्य लवत असे. आता त्याचा आवाज मध्येच चिरकला. हरिणे दचकून पांगली. अस्वलीने पिल्लांना पाठीशी घातले. वरच्या फांदीवरून कावळा तेवढा म्हणाला, "अरे, हा तर आपला नाव ठेवणारा! साऱ्यांना मन लावून सुरेख नावे दिलीस, आणि माझी पाळी आली तेव्हा तुला नेमकी जांभई आली होती. आज कोणाचे नाव बदलायला आलास?"

तेवढ्यात वेळूच्या बेटातून वृषभ बाहेर आला. पर्वताचे शिखर चालत यावे तसा तो संथ पावलांनी आला आणि आदामापासून काही अंतरावर थांबला. तो एकटाच होता.

"आदिपुरुषा, कोणत्या अधिकाराने पुकारलेस?"

आदामाने छाती पुढे काढली. "ज्याने आकाश ताणले त्याने मला आपल्या प्रतिरूपाप्रमाणे घडवले आणि जलचर, खेचर, भूचर यांवर मला सत्ता दिली. त्या सत्तेने मी आज्ञा करतो. तू आणि तुझा बंधू, दोघांनी या जुवाला मान द्या. तुझा बंधू कोठे आहे?"

वृषभाने नाकपुड्या फुलवून वारा हुंगला. मग तो म्हणाला, "माझा बंधू? त्याला तर तू पांघरून आला आहेस."

आदामाने खाली पाहिले. इतक्या दिवसांत त्याने अंगावरचे कातडे प्रथमच पाहिले. ते तांबूस होते. डाव्या खांद्याशी त्यावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग होता. नामकरणाच्या दिवशी याच डागावरून त्याने हात फिरवला होता आणि 'किती सुंदर' असे म्हटले होते.

"ज्या सायंकाळी तुम्ही झाडांआड दडला होतात," वृषभ म्हणाला, "त्या सायंकाळी सृष्टिकर्ता आम्हा पशूंच्या सभेत आला. त्याचा चेहरा आम्ही तसा कधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, 'दोघे उघडी पडली आहेत आणि बाहेर थंडी आहे. त्यांना पानांनी भागणार नाही. कोण येतो?' आम्हाला मृत्यू ठाऊक नव्हता. कोठे यायचे आहे, हेही कोणी विचारले नाही. माझा बंधू उठला. जाताना मला म्हणाला, 'त्याने मला सुंदर म्हटले होते. मी जातो.' आम्ही वाट पाहिली. तो परतला नाही. तुम्ही द्वारातून बाहेर पडताना आम्ही तुम्हाला पाठमोरे पाहिले, तेव्हा उमगले."

आदामाला ते कातडे फेकून द्यावेसे वाटले आणि ते घट्ट धरून ठेवावेसेही वाटले.

"आता मला एवढेच सांग," वृषभ म्हणाला. "त्याला जावे लागले ते कोणामुळे?"

आणि आदामाचे तोंड त्याच्या मनाआधी उघडले. "जी स्त्री—"

त्याने जीभ चावली, पण शब्द सुटला होता. पशूंच्या माना हव्वेकडे वळल्या. मातीच्या रंगाचा त्याचा चेहरा कानांपर्यंत तापला.

हव्वा रडली नाही. "पूर्ण करा," ती म्हणाली. "मला ते वाक्य पाठ आहे. कुठे अडलात तर मी सांगेन."

मग ती पुढे झाली. जड पोटाने वाकून तिने जू उचलले, त्याचे एक टोक आपल्या मानेवर घेतले आणि वृषभाला म्हणाली, "तुझ्या बंधूची जागा रिकामी आहे ना? मी उभी राहते. फळ मी तोडले, हे खरेच आहे. चल."

सज्जनहो, वनातून घालवले जाताना आदामाला जी लाज वाटली, ती उघड्या देहाची होती. पानांनी नाही तर कातड्याने तिला झाकता आले. या क्षणी जी लाज त्याच्यावर कोसळली, तिला झाकायला त्रिभुवनात वस्त्र नव्हते. त्याने धावत जाऊन दोन्ही हातांनी ते जू हव्वेच्या मानेवरून उचलले.

"थांब! ऐक, वृषभा. तुम्ही सारे ऐका. फळ हिने तोडले. पण मनाई झाली तेव्हा ही जन्मलीही नव्हती. ती आज्ञा मी प्रत्यक्ष कानांनी ऐकली. हिने ऐकली ती माझ्याच तोंडून. सर्प बोलत होता तेव्हा मी दूर नव्हतो. मी हिच्याजवळ उभा होतो. एका शब्दाने हिला थांबवता आले असते. तो शब्द मी काढला नाही, कारण ते फळ मलाही हवे होते, आणि हात तिचा पुढे व्हावा असेही मला हवे होते. काही विपरीत झालेच, तर दोष द्यायला ती असेल, हे मी तेव्हाच मनात धरले होते. तुझ्या बंधूला जावे लागले ते माझ्यामुळे. त्या जागी दुसरे कोणी उभे राहणार नाही."

हव्वेने त्याच्याकडे पाहिले. "तुम्ही जवळ होतात, हे मला ठाऊक होते," ती हळू आवाजात म्हणाली. "मी एकदा मागे वळून पाहिलेही होते."

आदामाने मान जुवाखाली घातली.

मग दुसऱ्या बाजूने येऊन वृषभानेही मान खाली केली. हव्वेने नांगराची मागची मूठ, म्हणजे रुमणे, धरले, आणि पृथ्वीच्या पाठीवर नांगराची पहिली रेघ, पहिले तास, निघू लागले. पहिल्याच खेपेला आदाम तोंडावर आपटला. वृषभाचे बळ त्याला फरफटत नेऊ लागले, तेव्हा हव्वा ओरडली, "अरे, दमाने! त्याला दोनच पाय आहेत!" वृषभाने चाल आवरती घेतली. फांदीवरून कावळा म्हणाला, "आता याला काय नाव द्यायचे? अर्धा बैल, अर्धा नाव ठेवणारा!" आणि वनाबाहेर आल्यापासून हव्वा प्रथमच हसली. ते हसू आदामाला पाठीवर बसलेल्या फटक्यासारखे लागले, आणि तरी ते थांबू नये असे त्याला वाटले.

दिवस कलला. खांदा सोलवटला होता. कातडे घामाने आणि रक्ताने त्याला चिकटले होते. थंड झुळूक सुटली आणि तिच्यासवे ती वाणी आली, जी ऐकून तो पूर्वी झाडांआड पळाला होता.

"आदामा, तू कोठे आहेस?"

पळायला जागा होती. झाडेही होती. आदाम म्हणाला, "येथे आहे, प्रभो. जुवाखाली."

"तुला काय हवे?"

"मागायला मला तोंड नाही. तरी विचारतोस म्हणून मागतो. तुझे प्रतिरूप माझ्यातून काढून घे. ते मी धुळीला मिळवले. जो पशू मला पांघरूण द्यायला मेला, त्याच्यात तुझे रूप माझ्याहून अधिक होते. मला नुसती माती करून सोड. मातीला लाज वाटत नाही."

"मी दिलेला श्वास परत घेतला तर तू मरशील," वाणी म्हणाली, "आणि तोही दिवस येईल, कारण तू माती आहेस. पण माझे रूप मी परत घेणार नाही. आज तुझा चेहरा का तापला? या नदीकाठी इतके जीव आहेत. त्यांतला कोणी आपल्या कृत्याने असा जळत नाही. तू कसा असायला हवास हे तुझ्या आत कोणीतरी जाणते, म्हणून तू जळतोस. ते जाणणारे माझे आहे. ते मी तुझ्या वंशात असेच ठेवीन. तुझी मुले त्याला शाप म्हणतील, ते विझवण्यासाठी नाना उपाय करतील, आणि काही जणांना ते साधेलही. त्यांच्यासाठी मी सर्वांहून अधिक शोक करीन."

आदामाने डोळे मिटले. मागितलेले मिळाले नव्हते, आणि जे मिळाले ते वाहायला जुवाहून जड होते.

तेव्हा वृषभ बोलला. "प्रभो, माझीही एक अट आहे. माझ्या वंशातले याच्या वंशाला मान देतील. पण देण्याआधी दर वेळी त्याचे तोंड पाहतील. माझा बंधू ज्या रूपासाठी उठून गेला, ते तेथे आहे की नाही, हे पाहण्याचा आम्हाला हक्क असावा."

"तथास्तु," वाणी म्हणाली, आणि झुळूक थांबली.

त्या तासांमध्ये हव्वेने दाणे पेरले. ते उगवले, आणि पहिले मूल जन्मले तेव्हा तिला दूध आले. कालांतराने वृषभांचा वंश वाढला, जुवाच्या दोन्ही बाजूंना बैल आले आणि मनुष्य मोकळा होऊन मागे चालू लागला. पशूंची वाणीही मनुष्याला कळेनाशी झाली. परंतु ती अट मोडलेली नाही. अजूनही पहाटे शेतकरी जू घेऊन गोठ्यात शिरला की बैल लगेच मान खाली करत नाही. आधी तोंड वळवतो आणि आपल्या मोठ्या, ओल्या डोळ्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. लोक समजतात की त्याला कडबा हवा आहे. तो पाहतो, क्षणभर थांबतो, आणि जे शोधत होता ते दिसो वा न दिसो, मान पुढे करतो.