खुर्चीवरचा रुमाल

भाऊसाहेब दिघावकर निवडणुकीला उभे राहिले की विरोधकांना अनामत रकमेची काळजी लागे. पण यंदा ऐन पोटनिवडणुकीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं.

“माझ्याऐवजी सभा कोण गाजवणार?” त्यांनी पक्षाच्या बैठकीत विचारलं.

तालुकाध्यक्षांनी सरचिटणीसांकडे पाहिलं, सरचिटणीसांनी पंख्याकडे.

भाऊसाहेब भडकले. “प्रत्येक पदावर मी स्वतः माणूस निवडून बसवला, आणि बोलणारा एकही नाही?”

मागून सुगंधाताई उठल्या. एकेकाळी त्यांच्या भाषणांना भाऊसाहेबांपेक्षा जास्त टाळ्या पडत; तेव्हापासून त्या मागच्याच रांगेत होत्या. भाऊसाहेबांशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांनी आपला रुमाल टाकला आणि त्याला हात जोडले. “बोला, साहेब!”

“ताई, रुमाल कसा बोलेल?”

“का? एसटीच्या खिडकीतून टाकला की जागा धरतो की!”

“जागा धरेल हो! पण भाषण कसं करेल?”

“मग या सगळ्यांवर कशाला रागावता, भाऊसाहेब? तुम्ही खुर्च्यांवर रुमालच तर टाकलेत!”

हशा उसळला. तालुकाध्यक्षांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि घाईघाईनं परत खिशात कोंबला. शेवटी भाऊसाहेबही हसले. “ताई, पहिली सभा तुमची.”

ताईंनी रुमाल उचलला आणि खुर्चीत बसल्या.