गोजराची साक्ष

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ती जिथे घडली त्या राज्याचे नाव आता कुणाला आठवत नाही, राजाचेही नाही. पण त्या राज्यातल्या एका बुरुडणीची हकिकत अजून सांगितली जाते. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

तिचे नाव गोजरा. डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बेटाला लागून तिचे घर होते. नवरा बांबू तोडून आणी, थोरली जाऊ त्याच्या कांबी काढी आणि गोजरा सुपे, रोवळ्या, टोपल्या विणून बाजारात नेई.

एका वर्षी त्या भागात तापाची साथ आली आणि गोजरा अंथरुणाला खिळली. डोळे खोल गेले. घरची माणसे तिला ओळखू येईनात.

घरच्यांनी काही करायचे बाकी ठेवले नाही. गावच्या वैद्यबुवांनी काढा दिला. नवरा ग्रामदेवीला नवस बोलला. जाऊ उशाशी बसून राहिली. उकळून गार केलेले पाणी आणि भाताची पेज ती चमच्याचमच्याने पाजायची, ओठांतून ओघळली की पुसून पुन्हा पाजायची. आणि नेमका त्याच दिवसांत गावात एक अर्कवाला आला.

असा माणूस त्या गावाने कधी पाहिला नव्हता. पुढे सनई, मागे झूल घातलेला उंट, उंटावर पेट्या आणि पेट्यांत निळ्या काचेच्या कुप्या. त्याने एक कुपी उन्हात धरली तर समोरच्या भिंतीवर निळा उजेड हलू लागला, आणि माणसे बोलायची थांबली.

"सात पर्वतांपलीकडच्या वेलीचा हा अर्क आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज भरदार होता आणि मायाळूही होता. "ताप असो, खोकला असो, पोटाचं दुखणं असो नाहीतर मनाचं. ही कुपी घरात आली की दुखणं घर सोडतं."

गोजराच्या नवऱ्याने कुपी आणली आणि तिच्या तोंडात थोडा अर्क घातला.

पुढे एका दुपारी गोजरा उठून बसली. घामाने अंथरूण भिजले होते, पण अंग गार होते. तिने आपला हात डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिला. कालपर्यंत हा हात तोंडावरची माशी हाकलू शकत नव्हता. जाऊने पाणी दिले, तर पाण्याला चव असते हे तिला जणू पहिल्यांदाच कळले.

"जाऊबाई, हे कुणी केलं?" तिने विचारले.

"कुणी का केलं असेना," जाऊ पदराने डोळे पुसत म्हणाली. "तू उठलीस ना, मला तेवढं पुरे."

ही बातमी अर्कवाल्याच्या कानावर गेली. तो लगबगीने आला. गोजराला बसलेली पाहून त्याचेही डोळे भरून आले, आणि ते काही ढोंग नव्हते.

"बाई, माझा अर्क प्यालात ना?"

"प्याले."

"आणि उठून बसलात ना?"

"बसले."

"मग एवढंच चावडीवर चारचौघांत सांगा. दुसरं काही नको."

गोजराने सांगितले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

काही महिन्यांतच दूरदूरची माणसे तिचे दार विचारत येऊ लागली. कुणी तिच्या पाया पडे. कुणी निळी कुपी तिच्यापुढे धरून म्हणे, "बाई, नुसता हात लावा." पहिल्यांदा गोजराला संकोच वाटला. मग सवय झाली. मग, खरे सांगायचे तर, आवडूही लागले. सुपे विणणाऱ्या बाईच्या पाया कोण पडतो?

एकदा ती लांबच्या एका बाजारपेठेत सुपे विकायला गेली. तिथे एक चित्रकथी चित्रांचा मोठा पट उलगडून बसला होता. चित्रात एक बाई तिरडीवर होती, बाजूला लाकडे रचलेली होती. पुढच्या चित्रात तिच्या ओठांवर निळा थेंब पडत होता. त्याच्या पुढच्या चित्रात ती उठून बसली होती आणि तिच्याभोवती सूर्यासारखा प्रकाश होता. बाई गोरीपान होती, नाकात टपोरी नथ होती. आणि चित्रकथी गात होता ते नाव गोजराचे होते.

गोजरा डोक्यावरच्या सुपांसकट तशीच उभी राहिली. चावडीवर एका दमात बोललेली आपली गोष्ट आपल्या आधी चालत चालत इथवर पोहोचली होती, आणि वाटेत केवढी तरी मोठी झाली होती. 'मी तिरडीवर नव्हते,' असे म्हणायला तिने तोंड उघडले. पण आजूबाजूच्या माणसांचे चेहरे असे उजळले होते, की शब्द तिच्या ओठांवरच राहिले. ती घरी परत आली.

सुगी संपली, आणि एके सकाळी समुद्राकडून एक माणूस आला. मिठागरात राबून त्याच्या तळव्यांना भेगा पडल्या होत्या. गोजराला वाटले, हाही कुपीला हात लावून घ्यायला आला असेल. पण त्याच्या हातात काही नव्हते. तो पाणी प्याला आणि खाली मान घालून त्याने विचारले, "बाई, अर्क तुम्ही उपाशीपोटी घेतला होता की खाऊन?"

"आठवत नाही," गोजरा म्हणाली.

"पाजणाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं?"

"दादा, असं का विचारता?"

तो उंबऱ्यावर टेकला. मग म्हणाला, "माझ्या बायकोला ताप होता. वैद्य दारात आला होता. आम्ही त्याला परत पाठवलं. म्हटलं, गोजराबाई मेल्यातून उठल्या, आता वैद्य कशाला? शेवटी शेवटी ती मला म्हणाली, 'ती बाई उठली, मग मीच का उठत नाही?' मग ती गेली. आमचं काय चुकलं तेवढं सांगा, बाई. घरात लहान लेक आहे. पुन्हा चूक व्हायला नको."

तो रागावला असता तर गोजराला सोसले असते. पण तो रागावला नव्हता. तो शिकायला आला होता.

"तुमचं काही चुकलं नाही, दादा," ती कशीबशी म्हणाली. "मी कशानं उठले, ते मलाच ठाऊक नाही."

त्याने वर पाहिले.

"मग सांगितलंत कशाला?" त्याने हळूच विचारले.

तो गेल्यावर गोजरा उठली ती थेट वैद्यबुवांकडे गेली. म्हातारे वैद्यबुवा खलात मुळ्या कुटत बसले होते.

"बुवा, मी तुमच्या काढ्यानं उठले का?"

वैद्यबुवांना सहज 'हो' म्हणता आले असते. त्यांनी बत्ता खाली ठेवला.

"खरं सांगू, पोरी? मलाही ठाऊक नाही. तोच काढा मी पलीकडच्या आळीत एका तरण्याताठ्या माणसाला दिला, तो गेला. तू राहिलीस. देहाच्या आत काय चालतं त्यातलं आपल्याला थोडंसंच दिसतं. मी दाराबाहेर उभा राहून हाका मारतो. दार उघडणारा आत असतो. इतकी वर्षं झाली, मी अजून त्याला पाहिलेलं नाही."

"मग तुम्ही वैद्य कसले?"

वैद्यबुवांना या प्रश्नाचा राग आला नाही. "जेवढं समजतं तेवढं करणारा," ते म्हणाले. "आणि गुण आला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात येणारा."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अर्कवाला पालखी घेऊन आला. राजधानीत मोठी जत्रा भरली होती. खुद्द राजा अर्काला आपली मुद्रा देणार होता. मुद्रा मिळाली की साऱ्या राज्यात घरोघरी निळी कुपी जाणार होती.

"तुम्ही फक्त मंचावर उभ्या राहा, बाई, आणि चावडीवर बोललात ते बोला."

"येते मी," गोजरा म्हणाली. "पण सगळं सांगेन."

"सगळंच सांगा," अर्कवाला मोकळेपणाने हसला. "जितकं सांगाल तितकं लोकांना हवंच असतं."

राजधानीच्या मैदानात नजर पोहोचेल तिथवर माणसे होती. राजा सिंहासनावर बसला होता. अर्कवाल्याने आपल्या भरदार आवाजात गोजराचे नाव घेतले, तसा साऱ्या मैदानाने नमस्कार केला. एवढी माणसे, आणि सगळी आपल्या तोंडाकडे पाहत आहेत. तिला आपल्याच जिभेची भीती वाटली.

"मी अर्क प्याले," ती म्हणाली, "आणि मी उठले. दोन्ही खरं आहे. पण मी काढाही प्याले होते. माझ्या जाऊनं मला लेकरासारखं पाणी पाजलं होतं. मालक नवस बोलले होते. आणि कुणास ठाऊक, तो ताप आपणहूनच जायचा असेल. मी तिरडीवर कधीच नव्हते. मी कशानं उठले, ते मला ठाऊक नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

अर्कवाल्याचे हसू ओठांवर तसेच राहून गेले.

"आणखी एक विचारते," गोजरा म्हणाली. "मी उठले म्हणून मला इथं बोलावलं. ज्यांची माणसं हा अर्क पिऊन उठली नाहीत, त्यांना कधी कुणी बोलावलं का? ती इथं असतील तर त्यांनी हात वर करावा."

कुणी हलले नाही. मग अगदी कडेला एका म्हातारीने हात उचलला. चोरट्यासारखा, अर्धाच. तिच्या पलीकडे एका शेतकऱ्याने उचलला. मग एका सैनिकाने. मग नव्या नवरीसारख्या दिसणाऱ्या एका पोरीने, जिच्या कपाळी कुंकू नव्हते. एकेक करत हात वर येत राहिले, झाडांखालून, दुकानांच्या कनातींमधून, राजाच्या स्वतःच्या पहारेकऱ्यांमधून, आणि थांबेनात. प्रत्येकाला वाटले होते की फक्त आपल्याच घरी गुण आला नाही. आपलीच श्रद्धा कमी पडली असेल, आपलाच एखादा घोट चुकला असेल, म्हणून प्रत्येकाने ते दुःख झाकून ठेवले होते. आता ती माणसे एकमेकांच्या हातांकडे पाहत होती. हजारो माणसांच्या त्या मैदानात नुसते पताकांचे फडफडणे ऐकू येत होते.

राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. राजे कुणासाठी उठत नाहीत, पण तो उठला.

"एवढे?" अर्कवाला पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्याकडे तर बरे झालेलेच यायचे."

"बाकीचे कसे येणार?" राजा म्हणाला.

अर्काला मुद्रा मिळाली नाही. राजाने हुकूम काढला: जो कुणी औषधाची थोरवी चारचौघांत सांगेल, त्याने ज्यांना गुण आला नाही त्यांनाही त्याच जागी बोलू द्यावे. हा हुकूम पाळून अर्कवाल्याला एका गावातही टिकता आले नाही. सनई बंद करून, उंट घेऊन तो सीमेपार निघून गेला.

गोजराचे काम मात्र संपले नाही. बोललेला शब्द कुठे कुठे गेला होता ते तिलाही माहीत नव्हते. ज्या बाजारात ती सुपे विकायला जाई तिथे आधी आपली हकिकत सांगे. कुठे लोक ऐकत. कुठे तिला हसत आणि म्हणत, "अगं, खरी गोजरा गोरीपान आहे, तू कोण?" मग ती सुपे उचलून पुढच्या गावाची वाट धरी.

पुढे एकदा मिठागरातला तो माणूस पुन्हा धावत आला. त्याच्या लेकीला ताप भरला होता. गोजराने वैद्यबुवांना सोबत घेतले, जाऊला घेतले आणि ती समुद्राकाठच्या त्या झोपडीत जाऊन राहिली. वैद्यबुवा रोज नाडी पाहत आणि काढा बदलून देत. दोघी जावा आळीपाळीने पोरीला पाणी पाजत. बाप दारात बसून असे.

एका सकाळी पोरीने डोळे उघडले, आणि बाहेर वाजणाऱ्या लाटा ऐकून विचारले, "बाबा, भरती आली का?"

बापाने हात जोडले. "बाई, कशानं झालं हे?"

गोजराने पोरीच्या गार कपाळावर हात ठेवला. त्या कपाळाआड, कुणालाही न दिसता, केवढे तरी मोठे काहीतरी घडून गेले होते.

"ठाऊक नाही, दादा," ती म्हणाली.

बोध: आपण बरे झालो हे जगाला जरूर सांगावे, पण कशाने बरे झालो हे ठाऊक नसेल, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगावे.